नातवाची वाढते, आजीची का झिजते?

पत्र:

नमस्कार मॅडम,
आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. गेल्या महिन्यात घरात दोन एक्स-रे झाले. पहिला आईच्या गुडघ्यांचा. आई ६७ वर्षांची, वजन ७८ किलो. डॉक्टर म्हणाले, गादी झिजलीय, गॅप कमी झालाय, ऑपरेशनची घाई नाही, व्यायाम करा. दुसरा मुलाच्या मनगटाचा. तो १३ वर्षांचा आहे, सायकलवरून पडला. एक्स-रेत हाडाच्या टोकाशी आडवी काळी रेघ दिसली आणि माझ्या पोटात गोळाच आला. डॉक्टर म्हणाले, मोडलेलं नाही, ती ग्रोथ प्लेट आहे, तिथे कूर्चा म्हणजे कार्टिलेज असते, तिच्यामुळेच तो उंच होतोय. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, दोघांची कूर्चाच ना? मग मुलाची वाढते तर आईची का वाढत नाही? आईचे कान म्हातारपणी चांगले मोठे झालेत, मग गुडघ्यानेच काय घोडं मारलंय? 'जेवढं चालीन तेवढं झिजेल' म्हणून आईने चालणं सोडलंय. दर चैत्रात सप्तशृंगी गडावर जायची, यंदा गेली नाही. ओळखीच्या एका बाईंनी कोलॅजनची पावडर आणून दिलीय, २,४०० रुपयांचा डबा, सहा महिने घ्यायची म्हणतात. आणि मुलाला जिम लावायचीय, तर शेजारी म्हणतात उंची खुंटेल. काय करू?
— दोघांच्या मधली, सिडको

उत्तर:

ताई,
मी हाडांची डॉक्टर नाही. जन्मभर शरीररचना शिकवली, त्यामुळे उपचारात शब्द तुमच्या डॉक्टरांचाच राहील. पण 'दोघांची कूर्चाच ना?' हा प्रश्न माझ्या प्रांतातला आहे, आणि फार नेमका आहे. वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्यांनीही तो मला कधी असा विचारला नव्हता.

आधी एक गंमत सांगते. दोन्ही एक्स-रेंत तुम्ही एकच गोष्ट पाहिलीत. कूर्चेत कॅल्शियम नसतं, म्हणून ती एक्स-रेत उमटतच नाही, तिथे नुसती काळी मोकळी जागा दिसते. मुलाच्या मनगटातली काळी रेघ ही कूर्चा, आणि आईच्या गुडघ्यात दोन हाडांमधला जो 'गॅप' कमी झाला म्हणतात, तीही कूर्चाच. गॅप म्हणजे पोकळी नव्हे. हाडांच्या टोकांवरचं अस्तर पातळ झालं, म्हणून हाडं जवळ आलेली दिसतात.

आता 'गादी' या शब्दाचा निकाल लावू, कारण सगळा घोळ तिथे आहे. आपण तीन वेगळ्या वस्तूंना गादी म्हणतो. मणक्यांच्या मधली चकती ही गादी. गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीसारख्या दोन चकत्या असतात, खेळाडूंच्या फाटतात त्या, तीही गादी. आणि हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत अस्तर, तेही गादीच. पहिल्या दोन तंतुमय कूर्चेच्या आहेत, चिवट आणि ताण सोसणाऱ्या, सुंभाच्या जातीच्या. आईंची झिजली आहे ती मुख्यतः तिसरी, काचाभ कूर्चा. काचाभ म्हणजे काचेसारखी दिसणारी, निळसर पांढरी. तुमच्या मुलाच्या शाळेच्या पुस्तकात कूर्चेलाच कास्थी म्हणतात.

घरी मटण होत असेल तर पुस्तकाची गरज नाही. (होत नसेल तर हा परिच्छेद सोडा, राग मानू नका.) नळी घेताना खाटकाला सांध्याचा भाग अखंड ठेवायला सांगा. घरी आणल्यावर ओलं टोक उजेडात धरा आणि बोट फिरवा. ओल्या काचेवरून फिरवल्यासारखं घसरतं. ते काचाभ कूर्चेचं अस्तर. नखाने दाबलं तर किंचित दबतं आणि पुन्हा वर येतं. माणसाच्या गुडघ्यात त्याची जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर, वाटीच्या मागे थोडी जास्त. मग ती नळी काळ्या रश्श्यात शिजू द्या. बोकड कोवळं असेल तर ताटात नळीचं टोक टोपणासारखं सुटून येतं. ते जिथून सुटलं, ती तुमच्या मुलाच्या एक्स-रेतली काळी रेघ. एकाच नळीवर आजी आणि नातू दोघेही सापडतात.

काचाभ कूर्चा आपल्या अंगावर आणखी बऱ्याच ठिकाणी आहे. कंठमण्याच्या खाली बोट ठेवून हळूच सरकवा, श्वासनळीच्या कड्या लागतील. १६ ते २० असतात, आणि मागच्या बाजूने उघड्या असतात, कारण मागे अन्ननलिका आहे, घास उतरताना तिला फुगायला जागा लागते. बरगड्या छातीच्या मधल्या हाडाला जोडणारे तुकडेही हिचेच. तिसरी जात लवचिक कूर्चेची. कान दुमडून सोडून द्या, लगेच जागेवर येतो, ती ही. पाळीत मात्र कूर्चा नाही, नुसती चरबी आणि कातडी. म्हणून पाळी टोचली तर सहज भरते, आणि हौसेने वरच्या कडेला भिकबाळी टोचून घेतली आणि ती चिघळली तर महिनाभर छळते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, औषध पोचायला वाटच नाही.

ही रक्तवाहिन्या नसण्याची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

कूर्चा बनते कशी? मलमलच्या फडक्यात सब्जा बांधा, गच्च, आणि पाण्यात टाका. बी फुगू पाहतं, फडकं फुगू देत नाही. थोड्या वेळाने ती पुरचुंडी बोटाने दाबून बघा, कडक आणि तरीही लवचिक लागेल. कूर्चेत फडक्याच्या जागी कोलॅजनच्या धाग्यांचं जाळं असतं आणि सब्जाच्या जागी पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू. वजनाच्या हिशेबात ६५ ते ८० टक्के नुसतं पाणी. या सगळ्यात पेशी अगदी थोड्या, आपापल्या इवल्याशा खळग्यांत एकेकट्या बसलेल्या. शेजारणीपर्यंत हात पोचत नाही, रक्त येत नाही, चेता म्हणजे मज्जातंतूही नाहीत. चेता नसल्यामुळेच आईंची गादी वर्षानुवर्षं गुपचूप झिजली, आणि दुखायला लागलं ते खालचं हाड आणि सांध्याचं आवरण कुरकुरायला लागल्यावर.

मग या पेशी जगतात कशावर? जुन्या नाशकात गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, गोधड्या धुताना पाहिलंय ना? पाय पडला की पाणी बाहेर, पाय उचलला की गोधडी पुन्हा पाणी पिते. गुडघ्याचंही तसंच. सांध्यात जो चिकट द्रव असतो, ज्याला लोक वंगण म्हणतात, तोच कूर्चेचं जेवण घेऊन येतो. पाऊल टेकलं की कूर्चेतलं पाणी दाबलं जातं, पाऊल उचललं की ती ताजा द्रव ओढून घेते. प्लॅस्टरमध्ये बरेच आठवडे बांधलेल्या पायाची कूर्चा पातळ आणि मऊ पडते, ती याच उपासमारीने. तेव्हा आईंचं 'जेवढं चालीन तेवढं झिजेल' हे चपलेचं गणित झालं. चपलेला जेवावं लागत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. नातवाची वाढते ती कशी?

पोटातल्या बाळाचा सांगाडा आधी बहुतेक कूर्चेचाच असतो. दुसऱ्या महिन्यापासून तिच्या जागी हाड यायला लागतं, पण सगळीकडे एकदम नाही. नुकत्या जन्मलेल्या बाळाची गुडघ्याची वाटी तर कूर्चेचीच असते, हाड धरायला तिला तीन-चार वर्षं लागतात. लांब हाडांच्या टोकांशी मात्र कूर्चेची एकेक पट्टी मुद्दाम राखून ठेवलेली असते, कारण हाडाला एक अडचण आहे. ते जाडीत वाढू शकतं, भिंतीवर गिलाव्याचे थर चढवावेत तसं. पण आतून फुगून लांब होणं त्याला जमत नाही, सिमेंट एकदा बसलं की बसलं. कूर्चेला मात्र दोन्ही येतं. बाहेरून थर चढवणं, आणि आतून, आंबवलेलं पीठ फुगावं तसं वाढणं.

ग्रोथ प्लेटमध्ये हे आतून वाढणं शिस्तीत चालतं. पेशी दुभंगतात आणि भाकरींच्या चवडीसारख्या एकावर एक रचल्या जातात. चवडीच्या एका टोकाला नव्या भाकरी येत राहतात, दुसऱ्या टोकाच्या फुगतात, त्यांच्या भोवतीच्या भागात कॅल्शियम बसतं, आणि तिथे रक्तवाहिन्या घुसून हाड घडवायला घेतात. कूर्चा म्हणजे इथे सेंटरिंग. स्लॅब पडला की तिचं काम संपलं. तुमच्या मुलाचं मांडीचं हाड गुडघ्याच्या बाजूने वर्षाला साधारण ९ मिलिमीटर आणि नडगीचं गुडघ्याच्याच बाजूने ६ मिलिमीटर वाढत असेल. पायाची बरीचशी उंची गुडघ्यातूनच येते, आजीला छळणाऱ्या त्याच गुडघ्यातून.

आणि तरी नातवाची कूर्चा 'वाढते' असं म्हणताना जरा थांबा. पट्टी जाड होत नाही. ती पुढे पुढे सरकते आणि मागे हाड सोडत जाते. वयात आल्यावर हाड तिला गाठतं आणि पट्टी मिटते. गुडघ्याजवळची मुलींत चौदा-पंधराच्या सुमारास, मुलांत सोळा-सतराच्या. मुलांतही ती मिटवण्याचं काम इस्ट्रोजेन हे 'बायकांचं' संप्रेरकच करतं, हे वर्गात सांगितलं की मुलगे एकमेकांकडे बघायचे. अमेरिकेतला एक तरुण या संप्रेरकाला दादच देत नव्हता. २८ व्या वर्षीही त्याच्या पट्ट्या उघड्या होत्या आणि उंची वाढतच होती, हे १९९४ मध्ये नोंदलं गेलं, तेव्हा कुठे ही गोष्ट पक्की झाली.

आता कान. १९९५ मध्ये इंग्लंडमधल्या काही डॉक्टरांनी २०६ जणांचे कान मोजले, हिशेब निघाला वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटर. म्हणजे आईंबद्दलचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण त्याचं श्रेय नव्या कूर्चेला फारसं देता येत नाही. वयाबरोबर लवचिक धागे सैलावतात, पाळी लोंबते, म्हाताऱ्या नाकाचं टोकही तसंच खाली येतं.

कानाकडे गुडघ्याला नसलेली एक गोष्ट मात्र खरोखर आहे. त्याच्या कूर्चेवर एक पातळ आवरण असतं. त्यात रक्तवाहिन्या आहेत आणि नव्या कूर्चापेशी घडवणारा थर आहे. तालमीतल्या जुन्या पैलवानाचे कान आठवा, फुलकोबीच्या गड्ड्यासारखे झालेले. कान चिरडला की आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचतं. आतली कूर्चा उपाशी मरते आणि आवरण आपल्या परीने नवी कूर्चा घालायला लागतं, वेडीवाकडी, पण घालतं. गुडघ्याच्या टोकावर हे आवरण नाहीच. असतं तर प्रत्येक पावलाला रगडलं जाऊन रक्त सांडलं असतं. तिथे हवा आरशासारखा पृष्ठभाग, आणि आरसा हवा तर दुरुस्तीचं खातं बंद. मी असा सौदा केला नसता, पण मला कोण विचारतं!

विल्यम हंटर नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं की सांध्याची कूर्चा एकदा गेली की परत येत नाही. २०१६ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी हे फार सुंदर रीतीने तपासलं. अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे विसाव्या शतकाच्या मध्यावर हवेत कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन वाढला होता आणि तो त्या काळात घडलेल्या प्रत्येक जिवंत वस्तूत शिरला. त्याची मोजणी करून कोलॅजनची 'जन्मतारीख' काढता येते. गुडघ्यातल्या कूर्चेचं कोलॅजन वाढीच्या वयातलंच निघालं, नंतर भर जवळजवळ शून्य. धड गुडघ्यातही आणि झिजलेल्यातही. आईंच्या गुडघ्यातलं फडकं त्या शाळा-कॉलेजात असताना विणलं गेलंय. आतला सब्जा, म्हणजे पाणी धरणारे रेणू, मात्र पेशी बदलत राहतात. त्यांना जेवण मिळालं तर.

यावरून पावडरीचं तुम्हीच ओळखलं असेल. खाल्लेलं कोलॅजन पोटात तुटतं, डाळीतल्या प्रथिनासारखंच. दुखणं थोडं कमी झाल्याचे दावे आहेत, पण झिजलेलं अस्तर त्याने पुन्हा भरलं असं कुणी दाखवलेलं नाही. सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांची अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर मोठी परीक्षा झाली, निकाल २००६ मध्ये आला. सगळे रुग्ण मिळून पाहिले तर त्या नुसत्या पिठाच्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. प्रयोगशाळेत रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून परत बसवण्याची शस्त्रक्रिया आहे, स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये तिचे निकाल मांडले. पण ती तरुण गुडघ्यातल्या एखाद्या खड्ड्यासाठी. अख्खा रस्ता उखडल्यावर तिचा उपयोग नाही. गुडघ्यात वंगणाचं इंजेक्शन घ्या म्हणून कुणी सुचवलं तर एवढंच लक्षात ठेवा की त्याने काहींना काही महिने बरं वाटतं, गादी वाढत नाही.

आईंसाठी मी सांगेन ते असं. उद्या सकाळी घराजवळच्या सपाट रस्त्यावर दहा मिनिटं. गंगापूर रोडचा जॉगिंग ट्रॅक वगैरे नंतर बघू. आठवड्याने बारा, मग पंधरा. चालल्यावर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवळलं तर चालेल. सूज आली किंवा रात्रभर ठणकलं तर मागच्या आठवड्याच्या मिनिटांवर परत या. सोबत मांडीचे स्नायू. खुर्चीत बसायचं, एक पाय सरळ करायचा, पाच आकडे म्हणायचे, हळू खाली. एका पायाचे दहा, मग दुसऱ्याचे. मालिका बघताना जाहिरात लागली की करायचे, असं माझ्या आईला लावून दिलं होतं, जाहिरातींचा तेवढा तरी उपयोग. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी घेतलीच तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. बहुतेक लोक उलट धरतात. भाजी निवडायला पाटावर बसणं बंद, खुर्ची घ्या.

आणि वजन. जाड आणि गुडघे झिजलेल्या वयस्कर मंडळींवर केलेला अमेरिकेतला एक अभ्यास २००५ मध्ये आला. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने उतरतो. आईंनी ७८ चे ७३ केले तर पावलामागे वीस किलो. सिमेंटची जवळजवळ अर्धी गोणी. त्यांना हे असंच सांगा, टक्केवारीत सांगू नका.

गडावर जरूर जाऊ द्या. पायऱ्यांचा हट्ट तेवढा सोडायला सांगा, ट्रॉली कशासाठी आहे? देवी पायऱ्या मोजत बसत नसावी. मात्र गुडघा एकदम सुजला, गरम लागला, ताप आला, मध्येच अडकायला लागला किंवा पाय दगा देऊ लागला, तर चालणं थांबवून डॉक्टर गाठा.

मुलाच्या जिमबद्दल शेजाऱ्यांना काळजीबद्दल धन्यवाद द्या. शिकवणारा डोळ्यांत तेल घालून उभा असेल, वजन हलकं असेल आणि ढब बरोबर असेल, तर व्यायामाने उंची खुंटत नाही. भीती आहे ती मित्रांशी पैज लावून झेपणार नाही ते उचलण्याची, कारण वाढत्या वयात हाडाचा सगळ्यात कच्चा दुवा ती पट्टीच असते. याच कारणाने त्याच्या मनगटावरही लक्ष ठेवा. त्या रेघेवर दाबल्यावर आठवड्याने अजून दुखत असेल, तर एक्स-रे चांगला आला होता म्हणून गप्प बसू नका, पुन्हा दाखवा. पट्टीला लागलेला मार पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. मनगटाची पट्टी सांभाळण्यासारखी आहे, त्या हाडाची तीन चतुर्थांश लांबी तिथूनच येते.

डबा फोडला नसेल तर त्या बाईंना परत द्या, 'आईला मानवत नाही' म्हणा, संबंध राहतील. फोडला असेल तर फेकू नका, प्रथिनं आहेत शेवटी. आईंना साखरेचा किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना डबा दाखवा. पुढच्या डब्याच्या २,४०० रुपयांत त्यांना मऊ तळव्याचे चांगले बूट येतील.